पाणथरीची साक्ष

हिवतापाच्या इतिहासाचें एक जुनें साधन म्हणजे पाणथरीची मोजणी. कर्नाल येथील रोगटपणाचीं कारणें शोधण्याकरितां बेकर, डेंप्स्टर व यूल यांची समिति नेमली होती. तिचा अहवाल १८४७ चा. (यूल म्हणजे पुढें ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाच्या दोघां कर्त्यांपैकीं एक झाला तोच.) डॉ. डेंप्स्टर यानें यमुनेच्या कालव्याकांठीं गांवोगांव लोकांचीं पोटें चांचपून पाणथरी वाढलेल्यांचें प्रमाण काढलें. पुढें तें दोन ते नऊ वर्षांच्या मुलांवरून काढण्याचा प्रघात पडला, व जेथें प्रमाण मोठें तेथें हिवताप फार, हें समीकरण रूढ झालें.

परंतु तें सर्वत्र लागू पडत नाहीं. पश्चिम आफ्रिकेंतील फुलानी हे परंपरेनें गोपालक. मालींत दोगोन शेतकऱ्यांच्या शेजारीं राहणाऱ्या फुलानी मुलांत पाणथरी वाढण्याचें प्रमाण अधिक, पण रक्तांतील जंतु व तापाचे झटके कमी, असें २००५ च्या निबंधांत आहे. तेथें मोठी पाणथरी रोगापेक्षां प्रतिकाराची खूण असावी. सबब जुन्या दप्तरांतील असे आंकडे, मुलें कोणत्या जमातीचीं हें पाहिल्यावांचून, तुलनेस घेऊं नयेत. हिवतापापासून रक्षण करणारे रक्तांतील परिचित आनुवंशिक दोष फुलानींत उलट कमीच आहेत, हें बुर्किना फासोंत २००१ मध्यें दिसून आलें.