पांढुर्णा-सौंसर : बागेतले शिक्षण आणि मधली तीन वर्षे

मध्य प्रदेशातील पांढुर्णा हा 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा काढलेला जिल्हा. सौंसर हा त्यातलाच तालुका. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला. हा मराठीभाषक पट्टा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. जांब नदीवरील गोटमारीमुळे पांढुर्ण्याचे नाव दरवर्षी वृत्तपत्रांत झळकते. दहावीनंतर येथील मुलांनी करायचे काय, हा प्रश्न तेवढा झळकत नाही.

काम शिकण्याची दोन ठिकाणे त्यांच्यासमोर आहेत. एक बोरगावचे औद्योगिक क्षेत्र, जेथे रेमंडचा कापड कारखाना आहे. दुसरी घरची वा शेजारची संत्राबाग. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधणे, आंबिया बहारासाठी जमिनीचा पोत पाहून झाडांना ताण देणे, डिंक्या रोगावर एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी या प्रमाणात बोर्डो मलम करणे : यात वनस्पतिशास्त्र, मृदाशास्त्र आणि रसायनशास्त्र तिन्ही आले. गुणपत्रिकेत मात्र यातले काहीच उमटत नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी स्थानिक कारागिरांकडे दहा दिवस दप्तराविना शिक्षणाची सूचना आहे. राज्याच्या ‘सीखो-कमाओ’ योजनेत दरमहा आठ ते दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले, पण वयाची अट 18 ते 29 अशी आहे. म्हणजे अडचण मधल्या, पंधरा ते सतरा या वर्षांची. शिकाऊ उमेदवारी कायदा, 1961 चौदाव्या वर्षापासून उमेदवारीस मुभा देतो. धोकादायक उद्योगांत मात्र अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. ही मर्यादा योग्यच आहे. शिक्षणाच्या नावाखाली फुकटची मजुरी करवून घेण्याचा मोह कोणाला होत नाही?

शिक्षण आणि मजुरी यांतला फरक पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाने व्यवहारात दाखवला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये स्थापलेल्या या संस्थेच्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस वेल्डिंग, शेती, वीजजोडणी अशी कामे करतात. गावाची खरी कामे घेतात, त्यांचा खर्च काढतात, नोंद ठेवतात. महाराष्ट्राच्या माध्यमिक मंडळाने हा विषय दहावीसाठी मान्य केला आहे. पांढुर्ण्यात हे करायचे तर यंत्रशाळेऐवजी कलमांची रोपवाटिका पुरेल. एका डोळ्यापासून विक्रीयोग्य कलम होईपर्यंतचा हिशेब विद्यार्थ्याच्या वहीत राहील.