सातासमुद्रापलीकडचा वैल

एका नोव्हेंबरात मी अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात, लेकीकडे होतो. तिथे त्या महिन्याच्या अखेरीस नऊ दिवस बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा हंगाम असतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरीण मारणे हा गुन्हा आहे. तिथे परवाना काढून शिकार करता येते. मात्र ते मांस विकता येत नाही, वाटायचे असते. शेजाऱ्याने असाच खांद्याचा एक मोठा तुकडा आणून दिला.

सकाळी लेकीने तो विजेवर मंद शिजवणाऱ्या भांड्यात ठेवला. सोबत कांदा, लसूण, सलगम, मिरी आणि वाटीभर पाणी. ‘बाबा, तुमची साखर वाढलीय. यात बटाटा नाही आणि बरोबर भातही नाही,’ असे बजावून ती कामावर गेली. हरणाच्या अंगात चरबी थोडी. खांद्याचे मांस घाईने भाजले तर चिवट होते. मंद, ओलसर उष्णतेत मात्र त्यातले चिवट धागे सात-आठ तासांत विरघळतात आणि मांस चमच्याने तुटते.

दिवसभर घरात मी आणि ते भांडे. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला. मनात आले, या दोन्ही गोष्टी, पथ्य आणि भांडे, आल्या कुठून?

पथ्य वाटते तितके नवे नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे गृहस्थ होते. अंत्यविधीची व्यवस्था करणे हा त्यांचा पिढीजात धंदा. १८६२ साली, वयाच्या पासष्टीनंतर, पाच फूट पाच इंच उंचीच्या बँटिंगांचे वजन ९२ किलोच्या आसपास होते. बुटाचे बंद बांधता येत नसत, जिना उलट्या पावलांनी उतरावा लागे. कानाचे डॉक्टर विल्यम हार्वे यांनी त्यांची पाव, साखर, बटाटे आणि बिअर बंद केली. मांस, मासे, भाज्या चालू ठेवल्या. शिकारीचे मांसही चालत होते. वर्षभरात सुमारे २१ किलो वजन उतरले. १८६३ मध्ये बँटिंगांनी हा अनुभव पुस्तिकेत छापला. स्वीडिश भाषेत वजन उतरवण्याला आजही ‘बांटा’ म्हणतात, तो शब्द त्यांच्याच नावावरून आला.

भांड्याची गोष्ट मात्र वेगळी. ज्यू लोकांत शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, म्हणजे शब्बाथला, विस्तव पेटवायचा नाही असा धर्मनियम आहे. म्हणून पूर्व युरोपात घरोघरच्या बाया शुक्रवारी संध्याकाळी घेवडा, जव, बटाटे आणि मांसाचे मडके गावच्या बेकरीत नेऊन ठेवत. निवत चाललेल्या भट्टीत ते रात्रभर शिजे. या पदार्थाला म्हणतात ‘चोलंट’. शिकागोच्या आयर्विंग नाखुमसोन या इंजिनिअरने लिथुआनियातली ही आठवण आईकडून ऐकली आणि विजेवर मंद शिजवणारे भांडे तयार केले. त्याचे पेटंट १९४० साली मिळाले. पुढे त्याने आडनाव नॅक्सन केले. १९७० मध्ये त्याचा कारखाना दुसऱ्या कंपनीने घेतला आणि १९७१ पासून हे भांडे ‘क्रॉक-पॉट’ या नावाने घरोघर गेले.

पेटंटच्या पुढच्याच वर्षी, १९४१ मध्ये, नाझी सैन्य लिथुआनियात शिरले. तीन वर्षांत तिथल्या दर दहा ज्यूंपैकी नऊहून अधिक जणांची हत्या झाली. ज्या गल्ल्यांतून शुक्रवारी मडकी भट्टीकडे जात, त्या ओस पडल्या. आईने मुलाला सांगितलेली गोष्ट तेवढी शिकागोत शिल्लक राहिली होती.

संध्याकाळी लेक आली. जेवताना मी तिला हे सारे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘बाबा, आपल्या आजीचा वैल!’ खरेच की! चुलीच्या उरल्या धगीवर आई रात्री कुळीथ ठेवायची, सकाळपर्यंत ते मऊ व्हायचे. तिने ते कसे केले, किती पाणी घातले, हे मी कधी विचारले नाही. आता विचारायला ती नाही.

ज्या भांड्याचा जन्म घेवडा, जव आणि बटाट्यांसाठी झाला, त्यातून आम्ही बटाट्याशिवायचे जेवण वाढून घेत होतो. सकाळपासून भातासाठी कुरकुरणारा मी त्या रात्री भात मागितला नाही. लेकीला म्हटले, ‘वही आण. आजीचे मला जेवढे आठवते, तेवढे लिहून घे.’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)