टे नदीवरील पुलाचें चित्रकार्ड

स्कॉटलंडमधील डंडी शहराजवळ टे नदीवर जो रेल्वेपूल आहे, त्याचें एक जुनें चित्रकार्ड माझ्यासमोर आहे. सुमारें दोन मैल लांबीचा पूल, वर आकाश, खालीं विस्तीर्ण पाणी. परंतु जरा निरखून पाहिलें म्हणजे पुलाला समांतर अशी, पाण्यांतून डोकावणाऱ्या बुटक्या खुंटांची एक रांग दृष्टीस पडते. हे खुंट पहिल्या पुलाच्या खांबांचे होत.

तो पूल टॉमस बाउच या अभियंत्यानें बांधला. १८७८ च्या जूनमध्यें तो खुला झाला. पुढच्याच वर्षीं व्हिक्टोरिया राणी त्यावरून गेली आणि बाउचला 'सर' ही पदवी मिळाली. त्याच वर्षाच्या २८ डिसेंबरला, रविवारीं संध्याकाळीं सव्वासातच्या सुमारास, तुफान वादळांत मधले १३ उंच गाळे आगगाडीसह नदींत कोसळले. गाडींतील एकही मनुष्य वांचला नाहीं. मृतांचा आंकडा ७५ च्या आसपास सांगतात. नांवानिशीं ५९ जणांचा पत्ता लागला आहे.

चौकशी-मंडळानें डंडीच्याच व्हॅलेंटाइन पेढीकडून पडझडीचीं छायाचित्रें काढविलीं. चित्रकार्डांसाठीं पुढें जिचा मोठा लौकिक झाला, तीच ही पेढी. चौकशींत जें बाहेर आलें तें ऐकून आजही मन खिन्न होतें. वाऱ्याच्या दाबासाठीं बाउचनें निराळी अशी तरतूदच केली नव्हती. खांब ओतीव लोखंडाचे. त्यांना जखडणाऱ्या तिरप्या पट्ट्या ज्या 'कानां'त बोल्टांनीं बसविल्या, ते कानही खांबाबरोबरच ओतलेले, आणि त्यांचीं भोंकें निमुळतीं, त्यामुळें बोल्ट एका कडेवरच टेकलेला! ओतकामांतील पोकळ्या मेण, राळ, लोखंडाचा कीस व काजळी यांच्या लगद्यानें बुजविल्याचेंही उघड झालें. पट्ट्या सैल होऊन खडखडूं लागल्या, तेव्हां देखरेख करणाऱ्यानें बाउचला न कळवितां लोखंडाच्या पाचरी मारून तो आवाज बंद केला.

मंडळाच्या अध्यक्षानें मुख्य दोष बाउचच्या माथीं मारला, आणि १८८० च्या ऑक्टोबरांत तो वारला. योजना त्याची होती, म्हणून जबाबदारीही त्याची, हें खरेंच. पण भट्टीवर पोकळ्या बुजविणारे हात त्याचे नव्हते, आणि पाचरी मारणारेही नव्हते. तीं छायाचित्रें शिल्लक राहिलीं हें बरें झालें. सव्वाशें वर्षांनीं, २००४ च्या सुमारास, पीटर लुइस या संशोधकानें तीं मोठीं करून तपासलीं. वादळापूर्वींच ते कान वारंवारच्या हादऱ्यांनीं चिरत गेले असावेत, असें त्यानें मांडलें. सर्वच अभियंत्यांना तें मान्य नाहीं.

नवा पूल १८८७ मध्यें झाला. त्याचा आराखडा केला तो विल्यम बार्लो यानें, म्हणजे चौकशी-मंडळाच्या तिघां सभासदांपैकींच एकानें. जुन्या पायांवर विश्वास न टाकतां त्यानें शेजारीं नवे पाये घातले. मात्र उभ्या राहिलेल्या गाळ्यांच्या तुळया नव्या पुलांत वापरल्या. गाडीचें इंजिनही नदींतून वर काढून दुरुस्त करण्यांत आलें. १९१९ पर्यंत तें गाड्या ओढीत होतें, आणि रेल्वेचे लोक त्याला 'पाणबुड्या' म्हणत.