टाकळीचे शिळाशंकू

इंदूरच्या लालबागेत येणारा प्रवासी होळकरांच्या तीन पिढ्यांनी १८८६ ते १९२१ या काळात उभारलेला राजवाडा पाहतो आणि खान नदीकाठच्या बागेतून तृप्त होऊन परततो. पायांखालच्या काळ्या खडकाकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. माळव्यापासून सह्याद्रीपर्यंत पसरलेला हा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. दोन उद्रेकांच्या मध्यंतरी तळी भरत, झाडे वाढत; पुढे नवा लाव्हा येऊन त्या सर्वांवर झाकण घाली. तळ्यांच्या गाळात पडलेली फळे, बिया व लाकूड यांत गारेचे द्रव्य झिरपून त्यांचा दगड होई.

असे एक तळे नागपूरजवळ टाकळी येथे होते. १८४५ साली नागपुरास आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी तेथील जीवाश्म वेचले आणि १८५५ साली लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. हिस्लॉपांचा धर्मप्रचार आपणांस रुचो वा न रुचो, त्यांची साक्ष चोख आहे. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला.

त्यांचा संग्रह लंडनला गेला. त्यातील शंकूंचा खरा उलगडा बिरबल साहनी यांनी १९३१ साली केला. एकाचे नाव त्यांनी गावावरूनच ठेवले: ‘टाक्लिओस्ट्रोबस अलाटस’, म्हणजे टाकळीचा पंखधारी शंकू. दुसरा ‘पिटिओस्ट्रोबस क्रासिटेस्टा’, म्हणजे चिडासारखा, जाड बीजकवचाचा. या नावांचे महत्त्व कळण्यासाठी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आज विंध्याच्या दक्षिणेस चीड वा देवदार स्वभावतः उगवत नाही. सूचिपर्णी वर्गातील एकच मूळ रहिवासी वृक्ष दक्षिण सह्याद्रीत उरला आहे. नागपूरच्या उन्हात एके काळी शंकुधारी वृक्षांचे बीज पिकत होते, याला पुरावा काय तो हे मूठभर दगड.

हिमालयातील जिवंत वृक्षांचीही चिंता आहेच. किन्नौरमध्ये चिलगोज्याचे शंकू उमलण्यापूर्वीच उतरवतात; बाजारात भाव चांगला, म्हणून रुजण्यास बी फारसे उरत नाही. तरी तेथे झाड तरी आहे. टाकळी आता नागपूरच्या वस्तीत सामावली आहे.

आपल्या देवघरातील शाळिग्राम हाही जीवाश्मच. गंडकीच्या काळ्या शिळेतील प्राचीन सागरी जीवाचा. पिढ्यान्‌पिढ्या तो वाटणीपत्राशिवाय जपला गेला, कारण घराने त्याला देव मानले. टाकळीच्या शंकूला असा यजमान लाभला नाही. कायद्याचेही पाठबळ तोकडेच: १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा मुख्यतः मानवी कृतींसाठी रचलेला आहे, आणि भूवारसा जपण्यासाठी स्वतंत्र विधेयकाचा मसुदा केंद्र सरकारने प्रसिद्ध केला तो २०२२ साली.

सौंसर भागातील मोहगावकलानच्या शिवारातही असे दगडी बीज विपुल सापडले आहे. विहीर खणताना वा नांगरताना कोणास तसा दगड मिळाल्यास त्याने तो फोडू नये, धुऊन चकचकीतही करू नये. गावाचे नाव, शेताचा क्रमांक, किती खोलीवर मिळाला, हे कागदावर लिहून तो कागद दगडासोबत ठेवावा. ठिकाण हरवलेला जीवाश्म म्हणजे सही नसलेला दस्तऐवज.