सरळ मुठीचा दस्ता : ब्राऊन बेसपासून यात्रेतल्या छर्‍याच्या बंदुकीपर्यंत

#थ्रेड

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत सर्वांचे डोळे घोड्यांवर खिळलेले असतात, आणि ते रास्तच आहे. परंतु तापीकाठच्या या बाजारात घोड्यांपासून जरा दूर, फुग्यांच्या फळीसमोर टेबलावर मांडलेल्या छर्‍याच्या बंदुका एकदा निरखून पाहाव्यात. त्यांतील जुनी एखादी उचलली, तर उजव्या हाताच्या मुठीखाली लाकडाला वळणच नसते. चापाच्या कड्यामागून खांद्यापर्यंत लाकूड जवळजवळ एका रेषेत उतरत जाते. आजच्या बंदुकांना असते तशी खाली वळलेली ‘पिस्टल ग्रिप’ तिथे दिसत नाही. हा सरळ मुठीचा दस्ता. त्याची वंशावळ फुग्यांच्या दुकानापेक्षा पुष्कळ जुनी आहे आणि तिचा एक धागा आपल्या खानदेशातूनही जातो.

प्रथम देशी बंदूक पाहू. तोड्याच्या बंदुकीचा आपल्याकडील दस्ता सडपातळ आणि जवळपास सरळसोट असे. नळी त्यावर पट्ट्यांनी किंवा तारेने आवळलेली. त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीची चकमकीची बंदूक आली, जिच्या घराण्याला इंग्रज ‘ब्राऊन बेस’ म्हणत. येथे एक मजेदार उलटापालट झालेली आहे. कंपनीने आपल्या फौजेसाठी या बंदुकीचा एक स्वस्त, सोपा नमुना करून घेतला होता. त्याची नळी ३९ इंचांची, म्हणजे जुन्या ४२ इंची नमुन्याहून आखूड होती. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर १७९० च्या दशकात ब्रिटिश सरकारला बंदुका कमी पडू लागल्या आणि खुद्द राजाच्या सैन्याने हाच ‘इंडिया पॅटर्न’ उचलला. वसाहतीसाठी केलेली काटकसर अशा रीतीने साम्राज्याचे प्रमाण झाली.

१८१८ मध्ये खानदेश कंपनीकडे गेला आणि १८२५ मध्ये जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभी करण्यास आरंभ केला. धनुष्यात तरबेज असलेल्या हातांना आता कंपनीची कवायत शिकवली जाऊ लागली. पुढे १८५७ चा वणवा पेटला. एनफिल्ड रायफलीच्या काडतुसाविषयी आपण शाळेपासून ऐकतो; तिच्या दस्त्याकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. १८५३ च्या नमुन्याची ती रायफलही सरळ मुठीचीच होती. त्या धामधुमीत खाज्या नाईकाच्या नेतृत्वाखाली सातपुड्यातील भिल्ल उठले आणि ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे इंग्रजी फौजेशी त्यांची मोठी लढाई झाली. त्यानंतर निःशस्त्रीकरणाचे सत्र सुरू झाले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याविना बंदूक बाळगणे अशक्य केले, युरोपियनांना मात्र त्यातून मोकळीक होती. आपल्याकडे बंदूक ही वस्तू दीर्घकाळ दुसर्‍याच्या हातात राहिली, हे विसरून तिच्या लाकडाची चर्चा करणे मला प्रशस्त वाटत नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार आणि त्याचे साथी जिथे पडले, त्या नंदुरबार शहरात तर नाहीच नाही.

आता मूळ प्रश्न. दस्ता इतकी वर्षे सरळच का राहिला?

एक कारण लाकडात दडलेले आहे. झाडाच्या रेषा लांबीच्या दिशेने धावतात. दस्ता सरळ असला की या रेषा मुठीतून अखंड पार जातात आणि सर्वांत निमुळता भागही मजबूत राहतो. मूठ खाली वळवली की त्या रेषा आडव्या कापल्या जातात, शिवाय रुंद फळी लागून लाकूड वाया जाते. लाखो बंदुका घडवणार्‍या सरकारी कारखान्याला हा हिशेब क्षुल्लक नव्हता. दुसरे कारण शरीराचे. रांगेत उभ्याने गोळी झाडणार्‍या, संगीन रोखून धावणार्‍या शिपायाला भाल्यासारखी सरळ मूठ सोयीची पडते. दोन चापांच्या इंग्रजी शिकारी बंदुकीतही पुढच्या चापावरून मागच्या चापावर जाताना हात किंचित मागे सरकवावा लागतो, म्हणून तिथे सरळ मूठ आजतागायत टिकून आहे.

पालट झाला तो शिपाई जमिनीवर पालथा पडून नेम धरू लागल्यावर. त्या स्थितीत सरळ दस्त्यावर मनगट अवघडते. १८७१ ची मार्टिनी-हेन्री अजून सरळ होती. तिच्यामागून आलेल्या ली-मेटफर्ड व ली-एनफिल्डच्या मुठीला हलका बाक आला. अमेरिकनांनी आपल्या १९०३ च्या स्प्रिंगफील्डचा सरळ दस्ता तर थेट १९२९ मध्ये बदलला.

स्प्रिंगची हवाई बंदूक नेमक्या या संधिकाळात वयात आली. अमेरिकेतील डेझी कंपनी मुळात पवनचक्क्या विकत असे. १८८० च्या दशकाच्या अखेरीस चक्की घेणार्‍या शेतकर्‍याला ती एक धातूची हवाई बंदूक भेट देऊ लागली, आणि थोड्याच काळात चक्क्या मागे पडून बंदुकाच धंदा झाल्या. इंग्लंडमध्ये बोअर युद्धाने स्वतःच्या नेमबाजीची लाज वाटू लागली होती. गावोगाव नेमबाजीचे क्लब निघत होते. लिंकन जेफ्रीजच्या आराखड्यावरून बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याने १९०५ पासून हवाई बंदुका काढल्या आणि १९०७ मध्ये सैनिकी ली-एनफिल्डच्या रूपाची एक आवृत्तीही आणली. युद्धाची बंदूक अशा प्रकारे सरावाच्या खेळण्यात उतरली, दस्त्याच्या घडणीसकट.

या बंदुकीचे अंतरंग साधे आहे. नळी मोडून किंवा खालचा दांडा ओढून स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढताच दट्ट्या पुढे झेपावतो, हवा दाबली जाते आणि छर्रा सुटतो. तिचा झटका मात्र विचित्र. दट्ट्या पुढे निघताना बंदूक मागे सरते आणि तो टोकाला आदळताच पुढे. हे दुहेरी हिसके लाकूड आणि स्क्रू दोन्ही सोसतात. त्यामुळे जुन्या बंदुकीचा दस्ता बहुधा मुठीपाशीच चिरतो.

असा चिरलेला वारसा घरात असेल तर नवा दस्ता स्वतः करता येतो. बंदूक रिकामी आणि स्प्रिंग सैल असल्याची खात्री करून धातूचा सबंध भाग लाकडातून सोडवावा. दाबून बसवलेली स्प्रिंग मात्र स्वतः उघडू नये. सुटली तर ती हाड मोडू शकते.

लाकूड कोणते? परंपरेने अक्रोड, पण तो हिमालयाकडचा. आपल्या सातपुड्यातला साग टिकाऊ, तेलकट आणि कोरायला गोड, तरी झटक्याने रेषेत उकलणारा. म्हणून रेषा मुठीतून सरळ जाणारा तुकडाच निवडावा. शिसव अधिक चिवट, पण जड. लाकूड वखारीतूनच आणावे, कारण जंगलातून परस्पर सागाची फांदी तोडणेही गुन्हा आहे. मोडलेल्या वाड्याची चौकट मिळाली तर उत्तमच. दशकानुदशके वाळलेले ते लाकूड आता वाकत नाही.

जुना दस्ता कागदावर ठेवून आकार उतरवावा. चापापासून मागच्या टोकापर्यंतचे अंतर साधारण ३४ ते ३६ सेंटीमीटर. लहान हातांसाठी त्याहून कमी. मध्यरेषा आखल्यावर आधी धातूचे घर कोरावे, बाहेरचा आकार मागाहून. घर कोरताना आजीच्या डबीतले काजळ धातूला पुसून तो लाकडात बसवून पाहावा. जिथे काळे उमटेल, तिथेच पटाशी चालवावी. या कामात घाई केली की फट राहते, आणि फट राहिली की हिसक्यांनी नवा दस्ताही चिरतो. मूठ एकदम बारीक करू नये. रोज थोडी कानस मारून खांद्याला लावून पाहावी. डोळा आपोआप माशीच्या रेषेत आला की थांबावे.

कायद्याचाही एक लाकडी किस्सा आहे. १९६२ च्या शस्त्र नियमांत हवाई बंदुकीची ताकद छर्रा मऊ लाकडाच्या एक इंची फळीतून आरपार जातो की नाही, यावर जोखली जाई. २०१६ च्या नियमांनी फळीची जागा आकड्यांना दिली. २० ज्यूलपर्यंतची शक्ती आणि ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी असेल तर परवाना लागत नाही. पण परवाना नाही म्हणजे पाखरे मोकळी, असे नव्हे. १९७२ चा वन्यजीव कायदा होला, तितर आणि मोर यांच्या बाजूने उभा आहे. नेम कागदावर किंवा फुग्यावरच धरावा.

शेवटी जवसाचे तेल. पातळ थर तळव्याने चोळून जिरवावा, दिवसभर वाळू द्यावा, मग पुढचा. असे सहा-सात थर. तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपर्‍यात टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेतात. आणि तो जुना, चिरलेला दस्ता चुलीत घालू नये. त्यावरचे ठसे, आकडे, कुणाच्या तरी अंगठ्याने गुळगुळीत झालेली जागा यांचे फोटो काढून त्याला कापडात गुंडाळून नव्या बंदुकीशेजारीच ठेवावे.