जेऊर येथील सूर्यकिरीटाचे वेध

सोलापूर जिल्ह्यातील जेऊर (ता. करमाळा) येथून २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात घेतलेले वेध. खग्रास स्थिती सु. दोन मिनिटे टिकली. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्बेल आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांची पथके तेथे होती. किरीटाच्या वर्णपटातील हिरव्या रेषेची तरंगलांबी तोवर ५३१७ अँगस्ट्रॉम मानीत. ती ५३०३ च्या आसपास असल्याचे जेऊर व विजयदुर्ग येथील छायाचित्रांवरून ठरले. रेषा मात्र ‘कोरोनियम’ या कल्पित मूलद्रव्याचीच समजली जाई. ती १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची आहे, हे १९४० नंतर बेंग्ट एडलेन यांनी दाखविले.

किरीटातील लाटांचे अवमंदन (क्षीण होत जाणे) जेऊरला दिसणे शक्यच नव्हते. १४ जुलै १९९८ रोजी ट्रेस उपग्रहाने टिपलेल्या किरीटी कमानींच्या आंदोलनांचा आवर्तकाल सु. चार मिनिटे, म्हणजे जेऊरच्या खग्रास काळाच्या दुप्पट होता, सु. पंधरा मिनिटांत ती बरीच मंदावली. प्रतिमेत वेगळी न दिसणारी आंदोलने वर्णपटरेषा रुंद करतात. त्यामुळे उंचीनुसार रेषा अरुंद होणे हे अवमंदनाचे लक्षण मानतात. परंतु तापमानानेही रुंदी बदलते. जपानमधील नोरिकुरा येथील वेधांत हिरवी रेषा उंचीबरोबर अरुंद, तर लोहाचीच ६३७४ अँगस्ट्रॉमची तांबडी रेषा रुंद होताना आढळली. तेव्हा एकाच रेषेवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे होय. २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलेल्या आदित्य-एल१ वरील किरीटलेखकात हिरव्या रेषेच्या वर्णपटाची सोय आहे.