पॅरासूकस

मगरीसारख्या दिसणाऱ्या, पण मगरींच्या पूर्वज नसलेल्या निर्वंश सरीसृपांची एक प्रजाती. फायटोसॉर गटातील हे प्राणी उत्तर ट्रायासिक काळात (सु. २३ ते २२ कोटी वर्षांपूर्वी) नद्यांच्या परिसरात राहत. भारतातील अवशेष प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील मलेरी शैलसमूहाच्या तांबड्या पंकाश्मांत सापडतात. हा प्रदेश तेलंगणातील पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडतो. प्राणहिता ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. येथील जीवाश्मांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधणाऱ्यांत नागपूरचे मिशनरी स्टीव्हन हिस्लॉप (१८१७–६३) प्रमुख होते. पॅ. हिस्लॉपाय हे जातिनाम त्यांच्याच स्मरणार्थ आहे.

लांब, निमुळते मुस्कट, अणकुचीदार दात आणि पाठीवरील अस्थिपट्टांचे कवच यांमुळे मगरीचा भास होतो. मात्र मगरीच्या नाकपुड्या मुस्कटाच्या टोकाशी, तर या प्राण्याच्या डोळ्यांजवळ असत. हे साम्य सारख्या राहणीतून आले, नात्यातून नव्हे.

नावाचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. मुळात ‘फायटोसॉर’ (वनस्पति-सरडा) हे गटनामच चुकीचे आहे : येगर यांनी १८२८ मध्ये दातांच्या खोबणींत भरलेला दगड शाकाहारी प्राण्याचे दात मानला होता. पॅरासूकस हे नाव हक्सली यांनी १८७० मध्ये वापरले, पण वर्णन दिले नाही. ते लिडेकर यांनी १८८५ मध्ये दिले. त्यांनी एकत्र केलेल्या सुट्या हाडांपैकी कवटीचा तळभाग रिंकोसॉर या अगदी वेगळ्या, वनस्पतिभक्षक सरीसृपाचा होता. शंकर चॅटर्जी यांनी १९७८ मध्ये हा घोटाळा उलगडला, मुस्कटाचा तुकडा नावाचा आधार ठरविला आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या संग्रहातील जवळजवळ पूर्ण सांगाड्यांचे वर्णन केले. दोन सांगाड्यांच्या पोटात मलेरिसॉरस या लहान सरीसृपाची हाडे होती. आहाराचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो.

तरीही वाद मिटला नाही. तो तुकडा इतर फायटोसॉरांपासून वेगळा ओळखता येत नाही, असे हंट व ल्यूकस यांनी १९९१ मध्ये दाखविले आणि भारतीय सांगाडे पॅलिओऱ्हिनस या अमेरिकन प्रजातीत घातले. आक्षेप रास्त होता. पण एका निरुपयोगी तुकड्यापायी उत्तम सांगाड्यांचे जुने नाव जावे, हे सोयीचे नव्हते. चॅटर्जी यांच्या अर्जावरून प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००३ मध्ये पूर्ण सांगाड्यासच नावाचा आधार मानले. २०१६ मध्ये तर उलट पॅलिओऱ्हिनसच पॅरासूकसमध्ये समाविष्ट करण्यात आले. फायटोसॉर मगरींच्या शाखेचे आद्य सदस्य की मगरी व पक्षी यांच्या समान शाखेबाहेरचे, याविषयी मात्र तज्ञांत मतभेद आहेत.